क्रीडा आणि कृतज्ञता

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बोरगाव मेघे येथे दिलेले भाषण)



 भाषणाचा विषय कळवावा असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा ‘गोल्फच्या खेळातून लाभलेला परमार्थ’ असे मी उत्तरी लिहिले. लगेच त्यांचा दूरध्वनी आला. “काका, अक्षर नीट लागले नाही. विषय ‘गोकुळ’ असाच ना?” मी म्हटले, “गोकुळ नव्हे, गोल्फच. परंतु बोलता बोलता गोकुळापर्यंत जाऊन येऊ.” तेव्हा आज आपणा सर्वांस तेवढी वाट माझ्याबरोबर चालावी लागणार आहे.

विषय ऐकून आपणांस नवल वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. आपल्या बोरगावात गोल्फचे मैदान नाही. आपल्या वाडवडिलांचा जन्म वावरात गेला. पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी यांच्या हिशेबात ज्यांचे वर्ष सरले, त्यांना विरंगुळ्यासाठी चार तास हिरवळीवर हिंडणे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. शिवाय आपल्या एका अंगास सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगास पवनार. श्रम हीच पूजा असे जेथे शिकविले गेले, त्या भूमीत उभे राहून साहेबांच्या खेळाची थोरवी गाणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. परंतु मी येथे त्या खेळाच्या ऐश्वर्याची थोरवी सांगण्यास उभा राहिलेलो नाही. त्या खेळाने माझ्या मनाला जे वळण लावले, आणि ज्यांच्याकडे पाहण्यास शिकविले, तेवढेच सांगावयाचे आहे. त्यातून आपल्या मंडळापुढील एका प्रश्नाकडेही मी अखेरीस येणार आहे.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. अखेरच्या काही वर्षांत मुक्काम पुण्यास होता. डॉक्टरांनी नित्य चालण्याचा सल्ला दिला आणि एका स्नेह्याने मला पाहुणा म्हणून येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर नेले. तेथे मी हा खेळ शिकलो. माझा खेळ सामान्य प्रतीचाच राहिला, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्यांना करंडक मिळतात त्यांचे अनुभव निराळे. मी बोलतो आहे ते सामान्य खेळणाऱ्याच्या अनुभवाविषयी, आणि जगात बहुसंख्या आपल्यासारख्या सामान्यांचीच असते.

गोल्फ म्हणजे काय, हे सर्वांस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जमिनीवर एक लहान चेंडू ठेवावयाचा. त्याचे वजन 46 ग्रॅमपेक्षा किंचित कमी. काठीने तो मारीत मारीत दूरवरच्या एका खळग्यात पोचवावयाचा. खळग्याचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे साधारण आपल्या पाणी पिण्याच्या मोठ्या पेल्याएवढा. असे 18 खळगे असतात आणि सर्वांत कमी ठोक्यांत जो ते पुरे करील तो जिंकला. वाटेत झाडे, वाळूचे खड्डे, पाण्याची तळी आणि उंच गवत मुद्दाम ठेवलेले असते. सारे मैदान पायी पुरे करावयाचे तर 8 ते 10 किलोमीटर चालणे होते आणि चार तास सहज जातात. खेळाचे माहेर स्कॉटलंड. लिखित नियम प्रथम 1744 साली झाले, तेव्हा ते अवघे 13 होते. इंग्रजांबरोबर हा खेळ आपल्याकडे आला. 1829 साली कलकत्त्यास आणि 1842 साली मुंबईस त्याचे क्लब निघाले. 112 वर्षांच्या खंडानंतर 2016 साली तो पुन्हा ऑलिंपिकमध्ये आला, आणि 2021 साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उदयन माने हा मराठी खेळाडू त्यात उतरला. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक ही आपली कन्या चौथ्या क्रमांकावर आली. तिचे पदक अगदी थोडक्यात हुकले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

काठी आणि चेंडू यांत कसला आला परमार्थ, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला मी विलायतेतून उत्तर आणणार नाही. तुकोबारायांची गाथा उघडून पाहावी. तीत विटीदांडूवर अभंग आहे, चेंडूफळीवर आहे, हमामा, हुंबरी, टिपरी, फुगडी आणि सुतुतू यांवर आहेत. ज्या संताने देहाचे भान हरपेपर्यंत नामस्मरण केले, त्यास मुलांचे खेळ सांगून परमार्थ समजाविण्यात कमीपणा वाटला नाही. गोकुळात यमुनाकाठी खेळणारा सावळा गोप हेच ज्यांचे दैवत, त्यांना तो वाटण्याचे कारणच काय? पंढरीच्या वाटेवर वारकरी रिंगणात अश्वामागे धावतात आणि रिंगण संपताच फुगड्या घालतात. तेथे सत्तर वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांचा नातू एकमेकांच्या हातांना धरून गरगर फिरतात आणि मग एकमेकांच्या पाया पडतात. हा खेळ म्हणावा की भक्ती? आपल्या परंपरेने त्या दोहोंत भिंत घातलेली नाही. ती भिंत आपण घातली, आणि तीही अलीकडे, परीक्षेचे गुण मोजण्याच्या नादात.

आता या खेळाने मला काय दिले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट ही की, चेंडू जेथे आणि जसा पडेल तेथून आणि तसाच खेळावयाचा, हा गोल्फचा मूळ नियम आहे. चेंडू झाडाच्या मुळाशी जाऊन बसला, गवतात रुतला किंवा वाळूत गेला तरी काही ठरावीक सवलती सोडल्यास तो हाताने उचलून सोयीच्या जागी ठेवता येत नाही. एखादा उत्तम मारलेला चेंडू दगडावर आपटून भलतीकडे जातो आणि एखादा वाईट मारलेला झाडाच्या फांदीला लागून हिरवळीवर येतो. दोन्ही आपलेच. आपल्या शेतकऱ्याला हा नियम कोणी शिकवावा लागत नाही. पेरणी वेळेवर केली, बियाणे चांगले घेतले आणि पाऊस रुसला, तर तो दुसरे नक्षत्र मागून आणीत नाही. आहे त्या ओलीवर पुढचे काम धरतो. आपण याला प्रारब्ध म्हणतो आणि तेथेच थांबतो, ही मात्र चूक आहे. खेळ असे सांगतो की, चेंडू कोठे पडला हे प्रारब्ध, परंतु पुढचा ठोका हा पुरुषार्थ. मागच्या ठोक्याचा शोक मनात ठेवून पुढचा मारावा तर तोही बिघडतो. चार तासांत शंभर वेळा मनाला मागून ओढून आणून वर्तमानात उभे करावे लागते. हे काम जपमाळेच्या मण्यांसारखेच आहे. मणी पुढे सरकतो, मन मागे धावते, आणि पुन्हा त्याला धरून आणावयाचे असते.

दुसरी गोष्ट साक्षीची. बहुतेक खेळांत पंच असतो आणि त्याचे लक्ष चुकवून काही साधले तर पुष्कळांना ते चातुर्य वाटते. गोल्फमध्ये सामान्यतः प्रत्येकाबरोबर पंच हिंडत नाही. खेळणारा झाडीत एकटा असतो. चेंडू त्याच्या काठीच्या धक्क्याने हलला की नाही, हे त्याला आणि परमेश्वराला ठाऊक. 1925 साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स या विख्यात खेळाडूचा चेंडू गवतात असताना किंचित हलला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांनीही निर्णय त्याच्यावरच सोपविला. त्याने स्वतःवर एका ठोक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो दुसऱ्या एका खेळाडूच्या बरोबरीत आला आणि पुढच्या निर्णायक खेळात हरला. तो एक ठोका मांडला नसता तर विजेतेपद त्याचेच होते. लोकांनी प्रामाणिकपणाची स्तुती केली, तेव्हा ती त्यास रुचली नाही. दरोडा घातला नाही म्हणून कोणाचा सत्कार करतात काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आपल्या मुलांना आपण कीर्तनातून आणि पोथीतून सांगतो की, अंतर्यामी साक्षी बसलेला आहे. ते वाक्य मुलगा पाठ करतो. परंतु कोणी पाहत नसताना आपल्याच विरुद्ध एक ठोका मांडून घेण्याचा प्रसंग त्याच्यावर यावा, म्हणजे ते वाक्य त्याच्या रक्तात उतरते. असा प्रसंग सुरक्षितपणे, कोणाचे नुकसान न होता, खेळाइतका दुसरे काही देत नाही.

तिसरी गोष्ट फळाच्या आसक्तीची. येथे मला एका इंग्रजी कादंबरीचा उल्लेख करावयाचा आहे. स्टीव्हन प्रेसफील्ड या अमेरिकन लेखकाची ‘द लिजेंड ऑफ बॅगर व्हान्स’ ही कादंबरी 1995 साली प्रसिद्ध झाली आणि 2000 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. महायुद्धातून परतलेला, मन खचलेला एक वीर गोल्फच्या मोठ्या सामन्यात उतरण्यास नकार देतो. त्याचे नाव आर. जुनाह. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा त्याला समजावितो, धीर देतो आणि अखेरीस मैदानात उभे करतो. त्याचे नाव बॅगर व्हान्स. ही दोन नावे भरभर उच्चारून पाहावीत. आर. जुनाह म्हणजे अर्जुन आणि बॅगर व्हान्स म्हणजे भगवान. लेखकाने गीतेचाच सांगाडा घेऊन कथा रचली आहे. सातासमुद्रापलीकडच्या लेखकाला गोल्फच्या मैदानात कुरुक्षेत्र दिसले. आपल्याला ते दिसावयास तर फार दूर जावे लागत नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 18 रविवारी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, ती प्रवचने देणारा पुरुष आपल्याच वर्ध्याचा. त्यांची गीताई शिलांवर कोरलेली पाहावयास आपण पाहुण्यांना गोपुरीस घेऊन जातो.

त्याच विनोबांची एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. 1938 साली त्यांची प्रकृती अतिशय खालावली आणि वजन 88 पौंडांवर आले. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जावे असे गांधीजींचे म्हणणे पडले. विनोबा गेले ते पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालालजींच्या बंगल्यात. तेथे त्यांनी सारी चिंता टाकून दिली आणि नित्य कुदळीने जमीन खणू लागले. आरंभी थोडी मिनिटे, मग हळूहळू अधिक. त्या खणण्यातून पीक काढावयाचे नव्हते की विहीर पाडावयाची नव्हती. शरीर हलावे आणि मन मोकळे राहावे एवढाच हेतू. काही महिन्यांत त्यांचे वजन 128 पौंड झाले. खणता खणता भरत-राम भेटीची जुनी शिल्पमूर्ती वर आली. तिची पुढे आश्रमात प्रतिष्ठापना झाली. मला या प्रसंगाचे मर्म असे वाटते की, मूर्तीसाठी जो खणत नव्हता त्याच्या कुदळीला मूर्ती लागली. फळाकडे डोळा लावून मारलेला चेंडू वाकडा जातो, हे गोल्फ खेळणारा पहिल्याच आठवड्यात शिकतो. ठोका मारण्याआधीच तो मान वर करून चेंडू कोठे गेला ते पाहू लागतो आणि त्यामुळेच चेंडू जागचा हलत नाही. शिकविणारे एकच सांगत राहतात, मान खाली ठेवा. निष्काम कर्माचे एवढे रोकडे प्रात्यक्षिक मी अन्यत्र पाहिलेले नाही.

चौथी गोष्ट समतेची. या खेळात एक विलक्षण पद्धत आहे. तिला हँडिकॅप म्हणतात. ज्याचा खेळ कच्चा, त्याला ठरावीक ठोक्यांची सूट द्यावयाची. यामुळे निष्णात खेळाडू आणि माझ्यासारखा नवशिका एकाच सामन्यात उभे राहू शकतात आणि सामना चुरशीचा होतो. 2020 पासून ही सूट मोजण्याची एकच पद्धत जगभर लागू झाली आहे. सबळाने दुर्बळाला उपकार म्हणून नव्हे, तर नियम म्हणून पुढे जागा द्यावयाची आणि तरीही दोघांनी पुऱ्या जोमाने खेळावयाचे. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी मान खाली घालून ती घेतो, तेव्हा मला ही पद्धत आठवते. त्याला सांगावेसे वाटते की, बाळा, ही भिक्षा नाही. हे तुझे हक्काचे ठोके आहेत. जोमाने खेळ.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो, तो कृतज्ञतेचा.

पहाटे दवात भिजलेल्या हिरवळीवर पाऊल पडले की मन आपोआप नम्र होते. पाखरे बोलत असतात, ऊन कोवळे असते, आणि या वयात पाय चालत आहेत, हात हलत आहेत, याचे उपकार वाटतात. ही कृतज्ञता खरी आहे, परंतु ती अपुरी आहे. पाटबंधारे खात्यातील माणसास हिरवळ दिसली की प्रथम पाणी दिसते. अशा मैदानाला उन्हाळ्यात दररोज लाखो लिटर पाणी लागते. अनेक ठिकाणी आता सांडपाणी शुद्ध करून ते वापरतात, आणि तसेच असले पाहिजे. ज्या राज्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, तेथे पिण्याच्या पाण्यावर खेळ पोसणे हे पाप आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या मागे माळी दिसतो. पहाटे चारपासून गवत कापणारा, दव झाडणारा तो माणूस खेळणाऱ्याच्या दृष्टीस पडण्याआधीच आपले काम उरकून निघून गेलेला असतो. आणि माळ्याच्या मागे दिसतो तो कॅडी.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा. त्याला मैदानाचा प्रत्येक चढउतार पाठ असतो. वारा कोठून आहे, गवत कोणत्या दिशेस झुकले आहे, कोणती काठी घ्यावी, हे तोच सांगतो. पुष्कळदा खेळणाऱ्यापेक्षा खेळ त्यालाच अधिक येतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्याने ओझे वाहावे आणि दुसऱ्याने खेळावे, असा रिवाज होता. ही रचना आपल्या देशाला काही नवी नव्हती. कोणी ओझे वाहावे आणि कोणी आत बसावे, हे जन्मावरून ठरविण्यात आपण तर फार निष्णात होतो. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करून वर आलेल्या अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने 2008 साली इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. मुंबईत चेंबूरच्या मैदानावर ओझे वाहणाऱ्या पोरांनी तर आपल्या वस्तीच्या अरुंद गल्लीतच खेळ मांडला. लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि घराघरांच्या फटीतून ते मारू लागले. त्यांची छायाचित्रे पुढे जगभर छापली गेली. हिरवळ मिळाली नाही म्हणून त्यांनी खेळ सोडला नाही.

मघाशी सांगितलेल्या कादंबरीत भगवान कोण झाला आहे, हे आता पुन्हा पाहावे. खेळणारा नव्हे, मालक नव्हे, तर पिशवी वाहणारा. हे आपल्या कानांना परके वाटता कामा नये. कुरुक्षेत्रावर त्याने घोड्यांचे लगाम धरले. पैठणास नाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहत राहिला, असे परंपरा सांगते. जनाबाईंबरोबर त्याने जाते ओढले. आमच्या दैवताची ओळखच ही की, तो दुसऱ्याचे ओझे उचलतो. मग जो आपले ओझे उचलतो त्याच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहिले पाहिजे?

याचे उत्तरही आपल्या घरात आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिले, तो खांदा तूप आणि हळद लावून चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुरणाचा घास देऊन त्याच्या पाया पडतो. त्याच्या पुढच्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात. आपल्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहावयास तर दुरून लोक येतात. मला या सणाचे फार कौतुक वाटते, कारण त्यात कृतज्ञता हीच खेळ होऊन मुलाच्या हाती दिलेली आहे. कृतज्ञता म्हणजे केवळ देवापुढे डोळे मिटणे नव्हे. ज्या खांद्यावर आपले सुख उभे आहे, तो खांदा ओळखणे आणि त्याला विसावा देणे म्हणजे कृतज्ञता. बैलाच्या बाबतीत आपण ती शिकलो. सालदाराच्या बाबतीत, घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत आणि आपल्या स्वतःच्या घरातील आईच्या बाबतीत ती शिकणे अजून पुष्कळ बाकी आहे.

आईचा उल्लेख केला म्हणून आणखी एक सांगतो. मी ज्या येरवड्यास खेळलो, तेथून आगाखान राजवाडा जवळच आहे. 1942 पासून तेथे गांधीजी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते, आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी बांनी तेथेच देह ठेवला. प्रकृती खालावलेली, घरापासून दूर, बंदिवासात, आणि पुत्रवत् महादेवभाईंचा मृत्यू डोळ्यांसमोर झालेला. त्या काळातही बा आवडीने कॅरम खेळत असत. सेवाग्रामच्या या माउलीने सारा जन्म दुसऱ्यांचे वाहिले. तिच्याही हातांना खेळाची गोडी होती, हे कळल्यावर मला आपल्या घरच्या स्त्रियांची आठवण झाली. लग्नाआधी भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या, फुगडीत सर्वांना हरविणाऱ्या आपल्या लेकी सासरी जाताच खेळणे विसरतात. त्यांना ते कोणी विसरावयास लावले, याचा विचार आपण पुरुषांनी करावा.

आता ज्या प्रश्नाचा उल्लेख मी आरंभी केला होता, तो मांडतो. आपल्या सभागृहामागील मोकळी जागा सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे दुकानांचे गाळे काढावेत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. गाळ्यांचे भाडे आले तर शिष्यवृत्त्या वाढतील आणि वसतिगृहाची दुरुस्ती होईल. त्यांच्या हिशेबात मला खोट दिसत नाही. परंतु त्या हिशेबात एक रकाना राहिला आहे. संध्याकाळी त्या जागेवर पंचवीस-तीस मुले खेळतात. बोरगाव आता वर्ध्याला लागून दाट झाले आहे. घरापुढची अंगणे गेली, आणि जेथे आम्ही विटी कोलली ती पटांगणे घरांखाली गेली. ही जागा गेली तर ती मुले कोठे जातील? ती घरात जातील आणि हातातील यंत्रात डोळे घालून बसतील. मग आपणच येथे येऊन त्यांच्या एकलकोंडेपणावर परिसंवाद भरवू.

म्हणून माझी सभेस नम्र विनंती आहे. रस्त्याच्या बाजूस गाळ्यांची एकच ओळ काढावी आणि मागील सारी जागा क्रीडांगण म्हणून कायमची राखून ठेवावी. उत्पन्न निम्मे होईल हे मी जाणतो. त्याचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज मी विनामूल्य करून देईन. इतकी वर्षे कालवे आखले, एक पटांगण आखणे जड जाणार नाही. तेथे गोल्फ खेळावे असे माझे म्हणणे नाही, आणि हिरवळीला पाणी घालावे असे तर मुळीच नाही. मातीचेच पटांगण पुरे. कबड्डी आणि लंगडी खेळावी, मल्लखांब पुरावा. 1914 पासून अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या शेजारीच हे शास्त्र शिकवीत आले आहे. तेथून शिक्षक बोलावता येईल. सकाळचा एक तास केवळ स्त्रियांसाठी आणि मुलींसाठी राखून ठेवावा.

आणखी एक विनंती अधिक भीतभीतच करतो. त्या पटांगणाचे फाटक केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावे. ज्या काळी आपल्या मुलांना शहरात कोणी खोली देत नव्हते, त्या काळी ज्ञातिमंडळे आणि वसतिगृहे निघाली, आणि त्यांनी फार मोठे काम केले. ते ऋण मी विसरलेलो नाही. परंतु बंद फाटकाबाहेर उभे राहण्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनी स्वतःचे फाटक बंद करू नये. आपल्या सभागृहाची झाडलोट करणाऱ्या बाईंचा मुलगा आजही कुंपणाबाहेर उभा राहून आत गेलेला चेंडू परत फेकतो. तो मुलगा आत आला पाहिजे आणि त्याची खेळण्याची पाळी आली पाहिजे. चेंडूला ज्ञाती ठाऊक नसते. मुलालाही ती आपण सांगेपर्यंत ठाऊक नसते.

पालकांसही दोन शब्द. मुलाने अभ्यास करावा, अधिकारी व्हावे, ही आपली इच्छा रास्त आहे. आपण काबाडकष्ट केले ते त्यासाठीच. परंतु जो कधी हरला नाही त्याला पहिल्या अपयशाचा धक्का सोसत नाही. खेळात मूल दररोज हरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविते. हा अभ्यास कोणत्याही शिकवणीच्या वर्गात मिळत नाही आणि त्याची फी नाही. रात्री जेवताना ‘किती गुण मिळाले?’ असे आपण विचारतोच. कधी ‘आज काय खेळलास आणि कोणाबरोबर?’ असेही विचारावे.

देवाने शरीर दिले, श्वास दिला, पायांखाली भूमी दिली. तिचे आभार मानण्याच्या अनेक रीती आहेत. कोणी जप करतो, कोणी चरखा फिरवितो, कोणी कुदळ घेतो. त्यांच्या पंक्तीत खेळणाऱ्यालाही बसण्यास जागा असावी, एवढेच माझे मागणे आहे. मात्र त्याने उठताना दोन गोष्टी कराव्यात. ज्याने ओझे वाहिले त्याचे नाव घ्यावे, आणि आपली जागा पुसून दुसऱ्यासाठी मोकळी करावी. गोल्फच्या मैदानावर वाळूतून चेंडू काढल्यानंतर आपल्या पावलांचे ठसे स्वतः सारखे करून पुढे जाण्याचा शिष्टाचार आहे, म्हणजे मागून येणाऱ्याला वाळू सपाट मिळते. आपल्या मंडळाने मागून येणाऱ्यांसाठी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

कार्यवाहांना दिलेल्या शब्दाप्रमाणे गोकुळापर्यंत जाऊन आलो. सभेत ठरावावर मत देताना संध्याकाळी त्या जागेवरून येणारा मुलांचा आवाज आठवावा, अशी पुन्हा एकवार विनंती करून माझे भाषण पुरे करतो.